तीन संघ आणि एक पाठ: नेपाळच्या एका वेगवान गोलंदाजाचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला त्याची आणि त्याच्या घरच्यांची हरकत नाही, नाव छापायला आहे. म्हणून त्याचं गाव, त्याचा विभाग आणि त्याच्या स्वतःच्या तारखा मी मुद्दाम पुसट ठेवल्यात. नेपाळच्या संघाच्या तारखा आणि निकाल मात्र जसे घडले तसेच आहेत. मी पुण्यात फिजिओथेरपी करतो. क्रिकेटचा जाणकार वगैरे नाही, पाठीचा आहे. त्यामुळे त्याच्या इनस्विंगविषयी इथे काही मिळणार नाही.

पार्श्वभूमी

त्याचे वडील पुण्यातल्या एका सोसायटीत गेली वीसेक वर्षं रात्रपाळीचे वॉचमन आहेत. सुदूरपश्चिम नेपाळच्या तराईतून गड्डाचौकी-बनबसाचा नाका ओलांडून, दिल्लीमार्गे इथे आले. आपल्याकडे अशा माणसाला सरसकट ‘बहादूर’ म्हणायची खोड आहे. या गृहस्थांचं नाव बहादूर नाही, आणि तसं त्यांनी मला पहिल्याच भेटीत शांतपणे सांगितलं. माझी बहीण त्या सोसायटीत राहते, एवढीच आमची ओळख.

मुलगा लहानपणी दोन वर्षं त्यांच्याजवळ होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांबरोबर टेनिस बॉलवर खेळायचा. स्टंप म्हणजे खांब, आणि कुणाच्या गाडीला चेंडू लागला की बाद. मागे जागाच नसल्याने दोन पावलांत चेंडू टाकावा लागे. ही दोन पावलं पुढे पुन्हा येणार आहेत. मग तो आईकडे परत गेला. तराईत सीमेपलीकडून क्रिकेट आपोआप झिरपतं. टीव्हीवर भारताचेच सामने, बाजारात मेरठची बॅट. जिल्हा, मग वयोगटाचे संघ, मग काठमांडू.

त्याच्या घडणीची वर्षं नेपाळी क्रिकेटच्या फार विचित्र काळात गेली. सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून आयसीसीने एप्रिल २०१६ मध्ये नेपाळच्या मंडळाला, म्हणजे ‘क्यान’ला, निलंबित केलं. ते निलंबन ऑक्टोबर २०१९ मध्ये उठलं. म्हणजे मार्च २०१८ मध्ये झिम्बाब्वेत पापुआ न्यू गिनीला हरवून नेपाळने एकदिवसीय दर्जा मिळवला तेव्हा घरी धड मंडळच नव्हतं. खेळाडूंनी दर्जा आणला, पण तो ठेवायला कपाट नाही, अशी अवस्था. त्याच्या वडिलांना हे सगळं तोंडपाठ आहे. जानेवारी २०१९ मध्ये रोहित पौडेलने १६ वर्षं १४६ दिवसांचा असताना यूएईविरुद्ध अर्धशतक केलं आणि पुरुषांमध्ये सर्वांत लहान वयाच्या आंतरराष्ट्रीय अर्धशतकाचा सचिनचा विक्रम मोडला, तेव्हा त्यांनी गेटवर येणाऱ्या प्रत्येक गाडीची काच खाली करायला लावून ही बातमी दिली होती, असं बहीण सांगते.

आता मराठी वाचकाला एक रचना समजावून द्यायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्यातच अडकलंय. नेपाळमध्ये क्रिकेटवर पोट भरायचं तर सगळ्यात पक्की जागा म्हणजे ‘विभागीय’ संघ. त्रिभुवन आर्मी क्लब, सशस्त्र प्रहरीचा, म्हणजे सशस्त्र पोलिस दलाचा, एपीएफ क्लब आणि नेपाळ पोलिस क्लब, हे तिन्ही खेळाडूला गणवेश, पद आणि महिन्याचा पगार देतात. एकेकाळी आपल्याकडे रेल्वे आणि बँका देत तसं. आमचा गोलंदाज या तिघांपैकी एका ठिकाणी नोकरीला. त्याशिवाय राष्ट्रीय संघात निवड होण्याआधी ‘बन्द प्रशिक्षण’ असतं, म्हणजे निवासी शिबिर, आणि ते क्यानचं. तिसरी गोष्ट फ्रँचायझी लीग. थोड्या दिवसांत बरे पैसे मिळतात, पण ते मालकाच्या हाताने.

तो राष्ट्रीय संघात आत-बाहेर होता. काही आंतरराष्ट्रीय सामने खात्यावर, त्याहून जास्त वेळा पाण्याच्या बाटल्या.

अडचण

दशैं आणि तिहार हे नेपाळचे मोठे सण पाठोपाठ येतात. त्या वर्षी तो तीन आठवडे गावी होता. चेंडूला हात लावला नाही, आणि त्यात काही चूकही नव्हती. परत आला तेव्हा एकाच सुमारास तीन गोष्टी सुरू झाल्या: विभागाची स्पर्धा, बन्द प्रशिक्षण आणि लीग संघाचा सराव.

चौथ्या आठवड्यात कमरेत डाव्या बाजूला दुखायला लागलं. उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजाला डाव्या बाजूला दुखणं ही माझ्या धंद्यातली धोक्याची घंटा आहे. चेंडू सोडताना शरीर डावीकडे झुकतं, त्याच क्षणी मागे कललेलं असतं, आणि पुढच्या पायावर वजनाच्या पाचपट-सातपट जोर आदळतो. मणक्याच्या मागच्या कमानीत ‘पार्स’ नावाचा एक अरुंद पूल आहे, तो हे सगळं सोसतो. तार वाकवून वाकवून तुटते तसा तो हळूहळू चिरतो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पॅट कमिन्सने २०११ मध्ये अठराव्या वर्षी कसोटी पदार्पण केलं आणि दुसरी कसोटी खेळला ती थेट २०१७ मध्ये, रांचीला. मधली वर्षं बऱ्याच अंशी अशाच दुखण्यांत गेली. बुमराहचं २०२२-२३ चं प्रकरण आपल्या ताज्या आठवणीत आहे.

त्याने मला व्हॉट्सॲपवर एक्स-रे पाठवला, सोबत गोलंदाजीचा बारा सेकंदांचा व्हिडिओ. एक्स-रे स्वच्छ होता. मी लिहिलं, “स्नायूचा ताण दिसतोय. दहा दिवस बर्फ, गोळी नको, जपून.”

ही या प्रकरणातली पहिली चूक, आणि ती माझी. अशा चिरेचा सुरुवातीला एक्स-रेवर पत्ताही लागत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. एका पायावर उभं राहून मागे वाकायची साधी चाचणी व्हिडिओ कॉलवर करून घेता आली असती. तीसुद्धा मी केली नाही. तो ‘जपून’ म्हणजे काय हे विचारायच्या भानगडीत पडला नाही आणि आणखी अडीच आठवडे टाकत राहिला.

मग एके दिवशी वडील रात्रपाळी संपवून सकाळी साडेसातला माझ्या दवाखान्यात आले. हातात एमआरआयचं मोठं पाकीट. काठमांडूहून कुणी ओळखीचा येत होता, त्याच्याबरोबर मागवून घेतलं होतं. “डॉक्टरसाहेब, पोरगा फोनवर हसून बोलतो. म्हणून मी घाबरलो,” म्हणाले. फिल्म उजेडावर धरली. कमरेच्या पाचव्या मणक्यात, डावीकडे, हाडात सूज आणि एक अर्धवट रेघ. उजवी बाजू ठीक होती.

मोजणी

त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याला फोनवर एकच काम दिलं. गेल्या सहा आठवड्यांत रोज किती चेंडू टाकलेस ते आठवून लिही. त्याने फोनमधल्या व्हिडिओंच्या आणि मित्रांना पाठवलेल्या मेसेजांच्या तारखा लावत दोन रात्रीत ते केलं. सगळ्यात वाईट आठवडा असा होता:

विभागाकडे एक सामना, दहा षटकं, म्हणजे ६० चेंडू. चार वाइड-नो-बॉल. सामन्याआधी १८. नेटमध्ये ७२. एकूण १५४.

बन्द प्रशिक्षणात तीन सकाळी प्रत्येकी ४८. एकूण १४४.

लीगच्या सरावात दोन संध्याकाळी प्रत्येकी ४२. एकूण ८४.

बेरीज ३८२.

सणांच्या तीन आठवड्यांच्या शून्यानंतर महिनाभरात थेट आठवड्याला ३८२. आता गंमत बघा. विभागाच्या प्रशिक्षकाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, दीडशे, काही फार नाही. शिबिरातला म्हणाला असता, आम्ही तर दीडशेच्याही आत ठेवलं. लीगवाल्याने तर चौऱ्याऐंशीच टाकून घेतले होते, उलट त्याला पोरगा कमी घाम गाळतोय असं वाटत होतं. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. तिघांनीही बेरीज केली नव्हती, कारण बेरीज करायचं काम कुणाचंच नव्हतं.

त्यातला बराचसा नेटचा सराव सिमेंटच्या पट्टीवर मॅट टाकून. आणि एक गोष्ट त्याच्या डोक्यातून निघत नव्हती. तो पुन्हा पुन्हा म्हणे, “दाइ, सामन्यात साठच टाकले ना?” दाइ म्हणजे दादा. स्कोअरबुक साठ म्हणतं. पाठ नो-बॉलही धरते, वाइडही धरते, सामन्याआधीचे अठराही धरते.

समोरचे पर्याय

पाच आठवड्यांवर एक पात्रता स्पर्धा होती. संघात त्याचं नाव येण्याची बरीच शक्यता होती.

पहिला पर्याय, गोळ्या घेऊन खेळायचं. बाहेरून हा वेडेपणा दिसतो, पण त्याची बाजू मला नीट ऐकावी लागली. तो म्हणाला, “तुमच्या गोलंदाजाची एक मालिका गेली तर पुढच्या महिन्यात दुसरी असते. आमच्याकडे एक स्पर्धा गेली की चार वर्षं.” हे खरंच आहे. सहयोगी देशांचं, म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्यांचं, क्रिकेट असंच चालतं. मोजके सामने, आणि प्रत्येकावर दर्जा, पैसा, पुढचं वेळापत्रक टांगलेलं. नेपाळने २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लीग टूच्या, म्हणजे सहयोगी देशांच्या एकदिवसीय साखळीच्या, उरलेल्या १२ पैकी ११ लढती जिंकल्या तेव्हा कुठे विश्वचषक पात्रता फेरी हाती लागली आणि एकदिवसीय दर्जा टिकला. १६ मार्चला कीर्तिपूरला यूएईविरुद्धचा शेवटचा सामना बघायला माणसं मैदानाभोवतीच्या झाडांवर चढून बसली होती. असा दिवस आयुष्यात एकदा येतो, आणि त्या दिवशी तुम्ही घरी पाठीखाली उशी घेऊन पडलेले असता, हे त्याला सहन होत नव्हतं. माझी बाजू एवढीच होती: अर्धवट रेघ आत्ता थांबलास तर बहुधा जुळेल, नाहीतर आरपार जाईल. दुसऱ्या बाजूलाही गेली तर मणका पुढे सरकू शकतो. मग महिने मोजायचे नाहीत, वर्षं मोजायची.

दुसरा पर्याय, सगळ्यांना सांगून थांबायचं. यात नोकरी जाणार नव्हती, विभागाचा पगार चालू राहणार होता. पण क्यानचा करार दर वर्षी नव्याने ठरतो, लीगचा करार त्याच मोसमाचा. आणि मागे तरणे पोरगे रांगेत उभे.

तिसरा पर्याय घरातून आला. त्याची बायको काठमांडूत स्टाफ नर्स. पुतलीसडकच्या एका कन्सल्टन्सीत तिची ऑस्ट्रेलियाची फाइल जवळजवळ तयार होती. आयईएलटीएस झालेली, मास्टर्सला प्रवेश मिळण्यासारखा. तिच्या विद्यार्थी व्हिसावर नवरा म्हणून तोही जाऊ शकत होता. त्याच्याबरोबर वयोगटात खेळलेले पाच जण आधीच सिडनी आणि टेक्सासमध्ये होते. नेपाळी क्रिकेटमध्ये ही काही नवलाची गोष्ट नाही. ऐन भरातले आंतरराष्ट्रीय खेळाडूसुद्धा असे निघून गेलेत. त्यांना कुणी गद्दार म्हणत नाही. म्हणतात, “मिलायो”, म्हणजे जमवलं बुवा.

चौथा पर्याय वडिलांचा. शेजारच्या सोसायटीत दिवसपाळीची जागा रिकामी होती. ते हा पर्याय गमतीने मांडत होते असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं की त्यांनी तिथल्या सेक्रेटरीशी बोलणंसुद्धा केलं होतं. पगार त्यांनी भारतीय रुपयांत सांगितला आणि मुलाने मनातल्या मनात १.६ ने गुणून नेपाळी रुपयांत आणला, हे मी व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष पाहिलं. ओठ हलत होते.

निर्णयाची रात्र

निर्णय एका लांबलचक कॉलवर झाला. काठमांडूत तो आणि बायको, पुण्यात वॉचमनच्या केबिनमध्ये वडील आणि मी. मधूनच गाडी आली की वडील उठून गेट उघडत, रजिस्टरमध्ये लिहीत आणि परत येऊन विचारत, “कहाँ पुगियो?” कुठवर आलं?

माझ्या मनात भांडण देश की परदेश असं होतं. बायकोच्या मनात तसं नव्हतंच. ती म्हणाली, “सर, मला एवढंच सांगा. आत्ता तो माझ्याबरोबर आला तर तिथे काय काम करील?” मी विचार केला. गोदामात खोकी उचलणं, सफाई, हॉटेलचं किचन. पहिल्या वर्षी नवीन माणसाला हीच कामं मिळतात. चिरलेल्या मणक्याने खोकी. ती नर्स होती, उत्तर तिला माहीत होतं. तिला ते माझ्या तोंडून त्याला ऐकवायचं होतं. मग ती म्हणाली, “आणि खेळणं अर्धं सोडून आला तर आयुष्यभर मला ऐकवील.” तो हसला. नाकारलं नाही.

तिथे एक गाठ सुटली. पाठ आणि व्हिसा हे दोन वेगळे प्रश्न होते. आधी पाठ, कारण खेळायचं असो, खोकी उचलायची असोत, नाहीतर गेटवर बारा तास उभं राहायचं असो, मणका तोच लागणार. तिने तिच्या वेळेवर जावं. त्याने राजीनामा देऊ नये. बरं झाल्यावर मग ठरवावं. हे आता लिहिताना साधं वाटतं, पण तोवर दोन महिने घरात ‘जायचं की राहायचं’ एवढाच वाद चालला होता.

पुढचा प्रश्न, आधी कुणाला सांगायचं. त्याला वाटत होतं लीगवाल्यांना काहीच सांगू नये, पहिला हप्ता पडू द्यावा. यावर मी थोडा चिडलो. दुखणं लपवून घेतलेला हप्ता पुढे नावावर राहतो. शिवाय शहर लहान आहे, एमआरआय काढणारा मुलगासुद्धा क्रिकेट बघतो. शेवटी आम्ही एक पत्र केलं. निदान, मोजणीचा तो कागद, आणि ‘बारा आठवडे गोलंदाजी नाही’ हे वाक्य. तेच पत्र तिघांना, एकाच वेळी, एकमेकांचे पत्ते एकमेकांना दिसतील असं पाठवलं. त्याच्या खेळातल्या तीन मालकांनी एकमेकांची आकडेवारी पाहिली ती बहुधा पहिल्यांदाच.

काय काय झालं

राष्ट्रीय संघाकडून दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. लीगने करार कापला. ठरलेल्यातला तिसरा हिस्सा मिळाला, तोही बऱ्याच फोनांनंतर. विभागाने मात्र रजा मंजूर करताना एक घोटाळा केला. ‘गोलंदाजी नाही’ याचा अर्थ त्यांनी ‘बाकी सगळं चालेल’ असा लावला आणि त्याला पहाऱ्यावर उभं केलं, खांद्यावर हत्यार, आठ-आठ तास. बापाचंच काम, फक्त पेन्शनसकट. पाठीला हे चेंडू टाकण्यापेक्षा फार बरं नव्हतं. दुसरं पत्र लिहावं लागलं, त्यात उभं राहणं किती मिनिटं, बसणं किती, वजन किती, हे सगळं तोळामासा मोजून. पहिल्याच पत्रात हे घालायला हवं होतं. धडधाकट दिसणाऱ्या शिपायाच्या कमरेत चीर आहे हे हवालदाराला कसं दिसणार?

मग तो पुण्यात येऊन राहिला, वडिलांच्या खोलीत. जिन्याखाली, पंपाच्या शेजारी, दहा बाय दहा. पंप पहाटे पाचला सुरू होई, त्यामुळे उठायला गजर लागत नसे. पहिले सहा आठवडे धावणं नाही, मागे वाकणं नाही. चालणं, प्लँक, बाजूचा प्लँक, कुल्ल्यांचे व्यायाम. ड जीवनसत्त्व तळाला गेलं होतं, ते भरलं. कंटाळ्याने तो पिळवटून निघाला. गोलंदाजाला विश्रांती देणं सोपं असतं, विश्रांती घ्यायला लावणं कठीण.

एक दिवस त्याने विचारलं, पुन्हा टाकायला लागलो की मोजायचं कशात? मी एका ॲपचं नाव सांगितलं. वडील ऐकत होते. उठले आणि कपाटातून गेटचं कोरं रजिस्टर काढून त्याच्यापुढे टाकलं. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, लाल पाठीचं. आत छापील रकाने: तारीख, वेळ, गाडी क्रमांक, कुणाकडे, सही. “येणारी गाडी लिही, जाणारी लिही. सोसायटीच्या चेअरमनची असली तरी लिही,” म्हणाले. ‘गाडी क्रमांक’च्या जागी त्याने चेंडूंचा आकडा लिहायचं ठरवलं. ‘कुणाकडे’ला खोडायची गरजच पडली नाही. विभाग, क्यान, लीग. सहीच्या रकान्यात, जमलं तर, त्या त्या प्रशिक्षकाची सही. माझ्या ॲपमध्ये हा रकाना नव्हता.

चार महिन्यांनी पुन्हा एमआरआय. सूज गेलेली, रेघ भरत आलेली. गोलंदाजी सुरू झाली ती त्याच पार्किंगमध्ये, उभ्या उभ्या, मग दोन पावलांत, टेनिस बॉलवर, एक दिवसाआड बारा चेंडू. लहानपणी जागा नव्हती म्हणून दोन पावलं, आता मी सांगितलं म्हणून. सोसायटीतली आताची पोरं त्याला षटकार मारायला बघत होती. एकाने मारलाही, आणि तो खरोखर वैतागला. मला बरं वाटलं. पुढे काठमांडूला जाऊन पावलं वाढली, चेंडू वाढले. पूर्ण धावेने, पूर्ण जोरात टाकायला एकूण आठ महिने लागले.

निष्पत्ती

पात्रता स्पर्धा त्याच्याशिवाय झाली. त्याच्या जागी गेलेल्या पोराने चांगली कामगिरी केली आणि तो टिकला. क्यानच्या पुढच्या करारात याचं नाव नव्हतं. विभागाकडून तो खेळतो, पूर्ण षटकं टाकतो. वेग थोडा कमी झालाय असं तो म्हणतो. आकडे मी पाहिलेत, तितकासा कमी नाही, पण डोक्यात बसलंय. एकदा पुन्हा बन्द प्रशिक्षणाला बोलावणं आलं, अंतिम संघात नाव आलं नाही.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये शारजात नेपाळने वेस्ट इंडीजला १९ धावांनी हरवलं. कसोटी खेळणाऱ्या पूर्ण सदस्य देशाविरुद्धच्या मालिकेतला हा त्यांचा पहिला विजय. पुढे मालिकाही २-१ अशी जिंकली. पहिल्या विजयाच्या रात्री तो बॅरकमध्ये होता. मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच आला, आणि वीस मिनिटं तो फक्त दुसऱ्यांच्या गोलंदाजीविषयी बोलला. २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात नेपाळचे साखळी सामने मुंबईत, वानखेडेवर होते. वडिलांनी वीस वर्षांत पहिल्यांदा दोन रात्रींची रजा टाकली. परत आले ते घसा बसवूनच, आणि आठवडाभर गेटवर हातवाऱ्यांनी काम चालवलं.

बायको सिडनीत आहे. तिचं शिक्षण पूर्ण होत आलंय. तो जाणार की नाही हे अजून ठरलेलं नाही. दर दशैंला दोघं ते पुढच्या दशैंवर ढकलतात. हे मी अपयश धरत नाही, पण यशाच्या खात्यातही टाकणार नाही. तिच्याशी अलीकडे बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली, “पाठ बरी झाली सर, निर्णय नाही झाला.”

आज पुन्हा करायचं तर

एक्स-रेवर विसंबून दिलेले ते दहा दिवस मी आधी काढून टाकीन. वेगवान गोलंदाज, वय पंचविशीच्या आत-बाहेर, एका बाजूला कंबर दुखतेय, तर उलट सिद्ध होईपर्यंत स्ट्रेस फ्रॅक्चर समजायचं आणि त्याच आठवड्यात एमआरआय करायचं. अडीच आठवडे आधी कळलं असतं तर कदाचित फक्त सूज सापडली असती, रेघ नाही, आणि आठ महिन्यांचे चार झाले असते. ‘कदाचित’ लिहितोय, पण मला स्वतःला तसंच वाटतं.

तिघांना एकच पत्र पाठवणं योग्य होतं की आगाऊपणा, यावर माझं मत अजून डळमळतं. लीगने करार कापला त्याला ते पत्र कारण ठरलं. त्याच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं असं की विभागाला तेवढं सांगायचं आणि लीगमध्ये नुसती फलंदाजी-क्षेत्ररक्षण करून पैसे घ्यायचे. हा मार्ग मी त्याच्यासमोर मांडलाच नाही. मांडायला हवा होता. निवड त्याची होती, माझी नाही. पैसेही त्याचेच गेले.

पण खरं सांगायचं तर दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी आधी, सणांवरून परतल्या दिवशी, चूक घडून गेली होती. त्या तीन आठवड्यांत गावच्या शेतात दिवसाआड चोवीस चेंडू टाकले असते तरी पुढची चढण इतकी उभी झाली नसती. कुणी सांगितलंच नाही. क्यानला वाटलं विभाग सांगेल, विभागाला वाटलं क्यान. मोठ्या देशांत यासाठी माणूस ठेवलेला असतो, बंगळुरूला अख्खी अकादमी आहे. नेपाळमध्ये तूर्त ते काम एका लाल पाठीच्या रजिस्टरवर चाललंय. त्याच्या विभागातले आणखी दोन पोरगे आता तसंच रजिस्टर ठेवतात, असं तो म्हणतो. वडिलांनी पुण्याहून तीन कोरी पाठवली. सोसायटीच्या खर्चात घातली का, हे मी विचारलं नाही.

दर रविवारी रात्री तो मला आठवड्याचा आकडा पाठवतो. नुसता आकडा, नमस्कार-चमत्कार काही नाही. परवा १३७ आला. मी त्याच्या सामन्याचा स्कोअर पाहिला होता, त्याने सांगितलेलं नेटचं वेळापत्रकही माझ्याकडे होतं. माझी बेरीज १३६ होत होती, तसं कळवलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं:

“नो-बल पनि गनेको छु, दाइ.” नो-बॉलही मोजलाय.